एरीवर बास, आणि ते हिरवं पाणी

आज पहाटे अमेरिकेतल्या टोलेडो शहराजवळ एरी सरोवरावर बास मासे धरायला गेलो होतो. किनाऱ्यालगत हिरवा ऑइलपेंट ओतल्यासारखं पाणी. गळ ओढला की दोरीला चिकट थर यायचा, दर वेळी फडक्याने पुसावा लागे. शेवटी बोट लांब खडकाळ भागात नेली. तिथे एक छान स्मॉलमाउथ बास लागला, पिवळसर-तपकिरी, अंगावर उभे पट्टे. लगेच सोडून दिला.

सगळे याला शेवाळ म्हणतात, पण हे मायक्रोसिस्टिस नावाचे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे विष तयार करू शकणारे जिवाणू. मॉमी नदीच्या खोऱ्यातल्या मका-सोयाबीनच्या शेतांतून खतातला फॉस्फरस पावसाबरोबर वाहत येतो. सरोवराची ही पश्चिम बाजू उथळ, उन्हाळ्यात पाणी तापतं आणि हे फोफावतात. ऑगस्ट २०१४ मध्ये यांच्याच विषामुळे टोलेडो परिसरातल्या सुमारे ४ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं होतं. उकळूनही उपयोग नाही. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं.

धक्क्यावर एक लॅब्रेडोर पाण्याकडे धावला, तेव्हा मी अक्षरशः ओरडलो. अंगावरचा हिरवा थर चाटूनही कुत्री दगावतात हो! मालकिणीला काहीच माहीत नव्हतं. तिथे एक साधी पाटीसुद्धा नाही, याचा फार राग आला.

इकडे येणाऱ्या मित्रांनो, हिरव्या पाण्यात मुलांना उतरवू नका. मासा खाणार असाल तर कातडी आणि आतडी-काळीज (यकृत) काढून टाका, मांस स्वच्छ पाण्याने धुवा. विष जास्त करून काळजातच साठतं.