विधिमंडळ गप्प बसले, तर आणीबाणी चालू राहते की संपते?

अमेरिकेतील राज्यांमध्ये आणीबाणी जाहीर करण्याचा अधिकार गव्हर्नरकडे असावा, याबद्दल फारसे दुमत नाही. पूर आला किंवा साथ पसरली, तर दोन्ही सभागृहे बोलावून चर्चा करायला वेळ नसतो. शिवाय तिथला गव्हर्नर आपल्याकडील राज्यपालासारखा नेमलेला नसून लोकांनी थेट निवडलेला कार्यकारी प्रमुख असतो. वाद आहे तो जाहीर झालेली आणीबाणी संपवायची कोणी, यावर. कोविडच्या काळात या राज्यांमध्ये झालेले खटले आणि कायद्यांतील बदल पाहिले, की माझ्या मते एकच तरतूद सर्वांत निर्णायक ठरते : विधिमंडळाने काहीच केले नाही, तर आणीबाणी आपोआप संपते की आपोआप चालू राहते?

पेनसिल्व्हेनियाचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. तिथल्या जुन्या कायद्यानुसार आणीबाणीची मुदत ९० दिवसांची होती, पण गव्हर्नर ती स्वतःच वाढवू शकत असे, आणि विधिमंडळाला ती ठराव करून संपवता येईल, असेही त्याच कायद्यात लिहिलेले होते. जून २०२० मध्ये विधिमंडळाने तसा ठराव केलाही. मात्र १ जुलै रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की हा ठराव गव्हर्नर टॉम वुल्फ यांच्यापुढे मंजुरीसाठी ठेवलाच पाहिजे. म्हणजे गव्हर्नरने जाहीर केलेली आणीबाणी संपवायला गव्हर्नरचीच संमती हवी, आणि ती मिळाली नाही तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते हवीत. कागदावर विधिमंडळाकडे असलेले नियंत्रण व्यवहारात नाहीसे झाले. राज्यघटनेचा अर्थ म्हणून तो निर्णय चुकीचा होता असे मला वाटत नाही. दोष कायद्याच्या रचनेत होता.

मे २०२१ मध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर करून ही रचनाच उलटी केली. आता गव्हर्नरची घोषणा २१ दिवसांनी संपते, विधिमंडळाने वाढवली तरच पुढे चालते, आणि ती मध्येच संपवण्यासाठी साधे बहुमत पुरते. तिथे गव्हर्नरचा नकाराधिकार चालत नाही. पूर्वी विधिमंडळाच्या मौनाचा फायदा गव्हर्नरला होत असे. आता मौन म्हणजे आणीबाणीचा शेवट.

याचा फटका कोविडशी संबंध नसलेल्या घोषणेलाही बसला. अफूजन्य वेदनाशामकांच्या व्यसनामुळे जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेली आणीबाणी दर ९० दिवसांनी वाढवली जात होती; विधिमंडळाने मुदतवाढ न दिल्याने ती ऑगस्ट २०२१ मध्ये संपली. अनेकांना हे निर्दयपणाचे वाटले. मला मात्र वाटते, की साडेतीन वर्षे चालणारी गोष्ट हे धोरण असते, आणि धोरण कायदा करून राबवावे. उलट, जून २०२३ मध्ये फिलाडेल्फियात आय-९५ महामार्गाचा पूल टँकरच्या आगीत कोसळला, तेव्हा आणीबाणी जाहीर करून बारा दिवसांत रस्ता पुन्हा सुरू झाला. खऱ्या तातडीच्या कामाला २१ दिवसांची मर्यादा आड आली नाही.

मिशिगनमध्ये तर दोन कायदे एकमेकांशेजारी उभे होते. १९७६ च्या कायद्यात २८ दिवसांनंतर विधिमंडळाची संमती आवश्यक होती. १९४५ च्या कायद्यात मुदतच नव्हती. एप्रिल २०२० च्या अखेरीस विधिमंडळाने मुदतवाढ नाकारल्यावर गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांनी जुन्या कायद्याचाही आधार घेतला. ऑक्टोबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी तो कायदाच घटनाबाह्य ठरवला, कारण कायदे करण्याची सत्ता इतक्या मोकळेपणाने कार्यकारी शाखेकडे सोपवता येत नाही.

हे सगळे रिपब्लिकन विधिमंडळ आणि डेमोक्रॅट गव्हर्नर यांच्यातील भांडण होते, असे म्हणणे सोपे आहे आणि बऱ्याच अंशी खरेही आहे. पण ओहायोत दोन्हीकडे रिपब्लिकनच होते, तरीही मार्च २०२१ मध्ये विधिमंडळाने गव्हर्नर माइक डिवाइन यांचा नकाराधिकार ओलांडून त्यांच्या आणीबाणीच्या अधिकारांवर मर्यादा घातल्या.

मुदतीच्या नियमावर एक रास्त आक्षेप असा, की अमेरिकेतील बऱ्याच राज्यांची विधिमंडळे वर्षभर बसत नाहीत. केंटकीत सम वर्षी ६० आणि विषम वर्षी ३० दिवसांचेच अधिवेशन असते, आणि विशेष अधिवेशन फक्त गव्हर्नर बोलावू शकतो. तरीही ३० दिवसांच्या मर्यादेचा २०२१ चा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ऑगस्टमध्ये तूर्त टिकला, तेव्हा गव्हर्नर अँडी बशीर यांनी सप्टेंबरमध्ये स्वतःच विशेष अधिवेशन बोलावले. मुदत संपत असल्याने सदस्यांना एकत्र आणण्याची निकड गव्हर्नरवर आली. विधिमंडळाच्या नेत्यांना अधिवेशन बोलावू देणारी घटनादुरुस्ती मतदारांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये फेटाळली, त्यामुळे ही निकड आजही गव्हर्नरवरच आहे.

मुदत लिहूनही पळवाट उरते, हे विस्कॉन्सिनमध्ये दिसले. तिथे मर्यादा ६० दिवसांची होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये विधिमंडळाने ठराव करून आणीबाणी रद्द केली आणि गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी त्याच दिवशी नवी जाहीर केली. त्याच साथीसाठी पुन्हा घोषणा करता येत नाही, हे सांगायला ३१ मार्चला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, तोही चार विरुद्ध तीन असा. पेनसिल्व्हेनियाने हा प्रश्न न्यायाधीशांवर सोडला नाही : त्याच किंवा जवळपास त्याच परिस्थितीसाठी विधिमंडळाच्या संमतीशिवाय नवी घोषणा करता येणार नाही, असे तिथल्या घटनादुरुस्तीतच लिहिलेले आहे.