सगळ्यात भारी मैफल कुठली आणि सगळ्यात वाईट कुठली? तुम्ही विचारलंत म्हणून

गाण्याला जाते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. बँकेत असताना कलीग विचारायचे, आता सकाळच्या वॉकिंग ग्रुपमधल्या मैत्रिणी विचारतात, परवा तर भाचीच्या लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या एका मुलाने विचारलं, काकू तुम्ही इतके कार्यक्रम ऐकता, मग आयुष्यातला सगळ्यात भारी कुठला आणि सगळ्यात बेकार कुठला. पंगतीत काय सांगणार, जिलबी आली आणि विषय राहून गेला. म्हणून आज नीट सांगते. दोन्हीची उत्तरं माझ्याकडे तयार आहेत आणि दोन्हीत एकच राग आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

मी मूळची मिरजेची. मिरज म्हटल्यावर लोकांना एक तर जंक्शन आठवतं नाहीतर दवाखाने, पण आमच्या गावात तंबोरे आणि सतारी बनतात, पिढ्यानपिढ्या बनतात, आणि सतारमेकर गल्लीतनं शाळेत जाणाऱ्या मुलीच्या कानावर दिवसभर कुणीतरी तार छेडत असलेली पडणारच. बाबांचे एक मित्र तिथले कारागीर होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. दुकानात छताला भोपळे टांगलेले असायचे, ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भीमेच्या काठावरनं यायचे. चाचांचं सगळ्यात नाजूक काम म्हणजे जवारी काढणं. तंबोऱ्याच्या घोडीचा वरचा भाग अगदी हलका उतरता घासायचा आणि मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा एक धागा सरकवायचा. धागा एक केस पुढे गेला तर तार नुसती टणटण वाजते, एक केस मागे आला तर मुकी होते, आणि बरोबर जागा सापडली की तीच तार एकदम उघडते, एका आवाजातनं दहा आवाज निघाल्यासारखे वाटतात. चाचा तो धागा माझ्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, सरकव हळू, कान लाव, उघडली की थांब. गाणं मी कधी शिकले नाही. मला जे काही ऐकू येतं ते त्या धाग्यामुळे.

तर सगळ्यात भारी मैफल. मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस. किराणा घराण्याचे मोठे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, या दर्ग्यात ते गाऊन सेवा करायचे, १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना एका रेल्वे स्टेशनवर त्यांचं निधन झालं आणि त्यांना आणून इथेच दफन केलं. तेव्हापासून उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं, आवारातल्या चिंचेच्या झाडाखाली, आणि आमच्याकडे त्याला कार्यक्रम नाही म्हणत, हजेरी म्हणतात. कलाकार हजेरी लावायला येतात. तिकीट नाही. ज्याला यायचंय त्याने यावं, हमालाने यावं, डॉक्टरांनी यावं, बसावं. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ साली भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या आठवणीत सुरू केला, ते सवाई गंधर्व म्हणजे याच खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे पुण्याच्या त्या मोठ्या मांडवाचं मूळसुद्धा एका अर्थी आमच्या चिंचेखाली आहे, हे मी पुण्यात कुणालाही अभिमानाने सांगते.

मी अकरा वर्षांची असेन. रात्री जेवून बाबांबरोबर गेले, सतरंजीवर बसले, मध्ये कधीतरी त्यांच्या मांडीवर झोपले. जाग आली ती थंडीने. अंधार होता अजून, माणसं पण कमी झालेली, आणि समोर एक म्हातारे गायक येऊन बसले होते. नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं, नंतर विचारलं तर बाबांनाही आठवेना. त्यांनी मागे तंबोऱ्यावर बसलेल्या मुलाला काहीतरी खुणावलं आणि त्याने पहिली तार उतरवायला घेतली. चाचा आमच्याच शेजारी शाल गुंडाळून बसले होते. ते वाकून माझ्या कानात म्हणाले, पंचम उतरवला बघ पोरी, मध्यम केला. आता ललत येणार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते की तंबोऱ्याच्या चार तारांपैकी पहिली बहुतेक वेळा पंचमात, म्हणजे प मध्ये असते, मधली जोडी वरच्या सा मध्ये आणि शेवटची खर्जात, म्हणजे खालच्या सा मध्ये. ललत, म्हणजे पुस्तकातला ललित, या रागात पंचम नाहीच. त्यामुळे पहिली तार खाली मध्यमात, म्हणजे म मध्ये आणतात. आणि या रागात दोन्ही मध्यम आहेत, शुद्ध आणि तीव्र, एकमेकांना अगदी चिकटून, एकातनं दुसऱ्यात असं सरकायचं की ऐकणाऱ्याला पाऊल कुठे पडलं ते कळू नये. राग रात्र संपत आलेली असतानाचा, सूर्य उगवायच्या आधीचा. हे सगळं मला नंतर वाचून कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की त्या म्हाताऱ्या गायकांनी सा लावला आणि मला दुकानातल्यासारखं वाटलं, धागा बरोबर जागेवर आल्यावर जे होतं ना तसं. त्यांचा आवाज थकलेला होता, वर जाताना फाटत होता, तरी ते परत परत मध्यमावर येऊन थांबायचे आणि तिथे आवाज कुठला आणि तंबोरा कुठला ते वेगळं काढता यायचं नाही. एक माईक आणि झाडाला बांधलेले दोन कर्णे, बास. टाळ्या कुणी वाजवत नव्हतं. मग चिंचेची पानं दिसायला लागली, आधी नुसतं काळं झाड होतं त्याची एकेक बारीक पानं दिसायला लागली, आणि ते गातच होते. किती वेळ, माहीत नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि मी पाय हलवला नव्हता.

यानंतर पुष्कळ ऐकलं. लग्नानंतर पुण्यात आले, सवाईला इतकी वर्षं गेले की सतरंजी, थर्मास, स्वेटर, शेंगा ही बॅग डिसेंबरमध्ये आपोआप भरली जाते. सवाईसाठी रमणबागेच्या मैदानावर रात्र जागवलेली माणसं अजून तो विषय निघाला की हळवी होतात, मीसुद्धा होते. २००५ साली सुप्रीम कोर्टाने रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर नाही हे पक्कं केलं, वर्षातले काही मोजके दिवस बारापर्यंत सूट. त्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही, आमच्या बिल्डिंगमध्ये आजारी माणसं आहेत, गणपतीत त्यांचे काय हाल होतात ते मी बघते. पण त्यात मध्यरात्रीनंतरचे आणि पहाटेचे राग आपल्या मैफलीतनं निघून गेले हे खरं आहे. आज पंचवीस वर्षांच्या मुलाने ललत त्याच्या वेळेला समोर बसून ऐकलेला असण्याची शक्यता फार कमी, मोबाईलवर ऐकला असेल, दुपारी लोकलमध्ये.

आता वाईट. तुम्हाला वाटेल मी त्या फ्युजनवाल्या कॉन्सर्टचं सांगणार. मुलाच्या हट्टाने गेले होते, शहराबाहेर मोठं मैदान, अडीच हजाराचं तिकीट, गेटवर पाण्याची बाटली काढून घेतली, आत पाणी विकत, कलाकार दोन तास उशिरा, आणि स्पीकरचा दणका असा की छातीत धडधडायचं, शब्द एक कळेना, दोन दिवस कान वाजत होते. पण दहा वाजता साउंड बंद केला तेव्हा गाणं अर्ध्यात होतं, आणि ती हजारो पोरं थांबली नाहीत, उरलेलं गाणं त्यांनी बिनमाईकचं म्हटलं, पूर्ण, सुरात. माझा मुलगापण म्हणत होता, डोळे मिटून. ते मी विसरणार नाही. त्यामुळे त्याला मी सगळ्यात वाईट म्हणणार नाही.

सगळ्यात वाईट सकाळ दिवाळीतली. बंदिस्त हॉलला तो लाऊडस्पीकरचा नियम नाही, त्यामुळे पहाटेचे राग ऐकायचे तर आता दिवाळी पहाट ही जवळपास एकच जागा उरलीये. पासवर वेळ साडेपाच. मी पावणेचारला उठले, अभ्यंगस्नान केलं, नवऱ्याला उठवलं, पाचला हॉलवर हजर. गायिका तरुण, पस्तिशीच्या आतबाहेरच्या, नाव झालेलं पण अजून फार मोठं नाही. पाच चाळीसला पडदा उघडला, दोन तंबोरे मागे, आणि पहिली तार वाजली तेव्हाच मी नवऱ्याचा हात धरला. मध्यम होता. ललत गाणार होत्या.

आणि मग निवेदक आले. दीपप्रज्वलन, पण ज्यांच्या हस्ते ते करायचं ते यायचे होते. तोवर प्रायोजकांची नावं. मग ते आले, त्यांच्याबरोबर वीसेक माणसं, समोरच्या दोन रांगा उठवून त्यांना बसवलं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, फोटो. मग दुसऱ्यांचा सत्कार. मग भाषण, त्यात वॉर्डातल्या रस्त्याचं काम. गायिका मांडी घालून तशाच बसलेल्या. मागच्या दोघी मुली तंबोरा सोडायचा की छेडत राहायचा हे न कळून अधूनमधून हळूच तारेवर बोट फिरवायच्या, एकदा तर निवेदकांनी मागे वळून पाहिलं तशा त्या थांबल्याच. मी कोपऱ्यातल्या सीटवर होते, बाजूच्या दारापाशी. पाहुण्यांबरोबरचं कुणी ना कुणी सारखं आत-बाहेर करत होतं आणि दर वेळी दार उघडलं की बाहेरचा उजेड आत यायचा, आधी निळसर, मग करडा, मग सरळ पांढरा. सव्वासातला सत्कार संपले.

गायिकांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग मागे वळल्या आणि तंबोऱ्याची खुंटी स्वतःच्या हाताने पिळली. तार चढली. मध्यमाचा पंचम झाला. हॉलमधे कुजबुज चालू होती, चहा कुठे मिळेल वगैरे, कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, पण मला चाचांचा आवाज ऐकू आला, पंचम उतरवला बघ पोरी, आणि इथे माझ्यासमोर तो परत चढवला जात होता. त्यांनी अल्हैया बिलावल, म्हणजे सकाळ झाल्यावरचा राग गायला, चांगलाच गायला, त्यांची काही चूक नाही. नऊला हॉल रिकामा करायचा म्हणून वीस मिनिटांत आटपून दोन अभंग, एक नाट्यगीत, फर्माईश. मी रडत होते. नवरा म्हणाला, अगं छान तर गातायत.

संस्थेचं नाव मी घेणार नाही, कारण हे एकट्या त्यांचं नाही, गावोगाव हेच चालतं. माझी एवढीच विनंती आहे, जिथे जिथे तुमच्यातलं कुणी असा कार्यक्रम करत असेल तिथे सत्कार शेवटी ठेवा. पाहुणे थांबतील. नाही थांबले तर शाल घरी पोचवा. राग थांबत नाही हो.

कार्यक्रम झाल्यावर मी मेकअप रूमच्या दाराशी गेले. असं मी कधी जात नाही. आत त्या एकट्याच होत्या, तंबोऱ्याच्या तारा सैल करत होत्या. मी म्हटलं, ललत होता ना? त्या थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, तुम्हाला कसं कळलं?

मी म्हटलं, मिरजेची आहे मी.

"जोडी तिथलीच आहे ही," त्या म्हणाल्या आणि पहिल्या तारेखालचा धागा बोटाने सरळ करून गवसणी चढवायला लागल्या.