तुम्ही विचारलंत म्हणून: कातड्याच्या ढाली का बंद केल्या

प्रदर्शनात, तालमीत, लग्नाच्या पंगतीत आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसलो असतानासुद्धा हाच प्रश्न आलाय. "तुम्ही कातड्याच्या ढाली करायचं का सोडलंत हो? आता सगळं फायबरच?" शेवटचा शब्द बोलताना ओठ जरा वाकडा होतो. तो मला दिसतो.

आजवर गिऱ्हाईक पाहून उत्तरं दिली. कुणाला सांगितलं माल मिळत नाही, कुणाला कायदा आडवा येतो, कुणाला परवडत नाही. सगळी अर्धी खरी. २०१५ साली राज्यात गोहत्येची बंदी वाढली ती बैल आणि वळूंवर. म्हैस त्यात नाही, आणि माझं सगळं काम म्हशीच्या कातड्यावर. पण टेम्पोवाल्याला हे कुणी समजावायचं? कातड्याचा वास आला की तो भाडं नाकारतो, आणि रस्त्यात अडवणाऱ्यांना म्हैस आणि बैल यांतला फरक ऐकायचा नसतो. तर कायदा नाही, पण कायद्याची भीती आडवी येते. ही झाली अर्धी खरी गोष्ट. परवडण्याचंही तसंच. एका कातड्यातून पाठीच्या भागाच्या दोन, फार तर तीन ढाली निघायच्या.

(गेंड्याच्या ढालीबद्दल विचारणाऱ्यांना हात जोडून सांगतो: होय, जुन्या काळी गेंड्याच्या कातडीच्या ढाली नावाजलेल्या होत्या. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय संपला. "थोडीशी मिळेल का" असंही विचारू नका.)

खरं कारण वेगळं आहे. ते आजवर दोन माणसांना माहीत होतं.

आधी काम सांगतो, कारण त्याशिवाय चूक कळायची नाही. आमच्या घरात तीन पिढ्या कोल्हापुरी चपलांच्या. चप्पल कमावलेल्या चामड्याची असते, बाभळीची साल आणि हिरडा पिऊन तयार झालेली. ढाल कच्च्या कातड्याची. मीठ धुऊन टाकायचं, चुन्यात ठेवून केस सोडवायचे, आतली चरबी खरवडायची, आणि बस्स, कमवायचं नाही. भिजलेलं कातडं लाकडी साच्यावर ओढून कडेनं खिळे मारायचे आणि सावलीत वाळू द्यायचं. उन्हात ठेवलंत तर एका अंगाला रुसून बसतं. दहा-बारा दिवसांनी टिचकी मारली की दारावर मारल्यासारखा आवाज येतो. मग कड कापायची, चार भोकं पाडायची. बाहेरून चार पितळी फुलं दिसतात ती शोभेची नाहीत. प्रत्येक फुलाखाली रिबीट असतं, ते आतल्या कडीला धरून ठेवतं. कड्यांतून दोन मुठी जातात, दोन्ही एकाच हातात आवळायच्या, आणि बोटांची हाडं कातड्यावर आपटू नयेत म्हणून मधे गादी. अठरा-वीस इंची ढाल, दीड-दोन किलोच्या आसपास.

राहिलं रोगण. संग्रहालयात जुन्या ढालींवर काळी चकाकी दिसते ना, लोक तिला नक्षीचा भाग समजतात. पण ढाल तिच्याच जिवावर टिकलेली असते. कच्चं कातडं नुसतं वाळलेलं असतं. पाणी लागलं की ते पुन्हा म्हशीच्या अंगावर होतं तसं व्हायला लागतं.

हे मला माहीत होतं. चांगलं माहीत होतं. मी प्रदर्शनात उभा राहून लोकांना सांगायचो.

एका साली एका तालमीनं नऊ ढाली सांगितल्या. मर्दानी खेळाचं पथक, वस्ताद जुने, पोरं-पोरी मिळून वीस-बावीस. सहा जूनला राज्याभिषेकाच्या सोहळ्याला रायगडावर जायचं होतं. मी बाहेरून चपडा लाखेच्या रोगणाचे आठ-आठ हात दिले. आतून काही दिलं नाही. गादीखाली कोण बघतंय? दिवस कमी होते, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर दिवस असायचे तेव्हाही मी आतून हात देत नव्हतो. त्याआधीच्या कितीतरी ढाली तशाच गेल्या आणि कुणाची तक्रार आली नाही, कारण त्या हिवाळ्यात शिवजयंतीला वापरल्या आणि भिंतीवर गेल्या.

जूनच्या सुरुवातीचा रायगड कसा असतो ते गेलेल्यांना सांगायला नको. पाऊस नसला तर ढगच अंगावर येतो. ढाली भिजल्या, गादीनं पाणी धरून ठेवलं, आणि येताना जीपच्या टपावर ताडपत्रीत एकावर एक बांधून आणल्या. महिन्याभरानं वस्तादांचा फोन आला. "पाव्हणं, ढालींना वास येतोय."

इथं मला थांबावंसं वाटतं. कारण त्या वेळी मी म्हणू शकलो असतो की सगळ्या पाठवून द्या, उघडून बघतो. मी म्हटलं, "उन्हात ठेवा दोन दिवस." उन्हात ठेवल्या. वास गेला. वरून टणक झाल्या. आत रिबिटांभोवती काय चाललं होतं ते गादी उसवल्याशिवाय दिसणार नव्हतं. रिबिटं लोखंडी होती, पितळेची नाहीत, तीही माझीच काटकसर. लोखंड गंजलं, आणि गंजाच्या कडेनं कातडं कुजून पिठासारखं झालं.

मग गणपती. विसर्जनाच्या मिरवणुकीत पथकाचा खेळ होता. मी मुद्दाम बघायला गेलो होतो. आपल्या ढाली मैदानात बघायची हौस, दुसरं काय. दिवसभर झिमझिम चालू होती. हलगी, घुमकं, कैताळ. दर थोड्या वेळानं हलगीवाले कडेला जाऊन रद्दी पेटवायचे, हलगी शेकून घ्यायचे आणि पुन्हा वाजवायचे. ओल्या हवेत कातडं सैल पडतं, आवाज बसतो. मी त्यांच्याजवळच उभा होतो. एकाशी बोललोसुद्धा, "आज लईच शेकाय लागतंय काय?" असं. तो म्हणाला, "हवाच अशी हाय." मी हसलो. पाच हात अंतरावर माझ्या नऊ ढाली त्याच हवेत फिरत होत्या आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. हलगी त्यांची, ढाल माझी, एवढंच बहुतेक.

तलवार-ढालीची जोडी आली. पोरगा एकोणीस वर्षांचा, समोर त्याची चुलत बहीण. बोथट तलवारी, पण वजनाला खऱ्या. ठरलेले वार होते, डोक्यावर, कुशीवर, पुन्हा डोक्यावर. तिसरा वार ढालीवर बसला आणि वरची एक कडी रिबिटासकट उपसून आली. एक मूठ सैल झाली आणि ढाल त्याच्या हातात फिरली, पंख्याचं पातं फिरतं तशी. चौथा वार तोवर सुटलेला होता. तिची चूक नाही. वार अर्ध्यात ओढून घ्यायचा नाही असंच तिला शिकवलेलं. तो बोटांच्या हाडांवर बसला.

त्यानं आवाज काढला असेल, हलगीत ऐकू आला नाही. त्यानं खेळ पुरा केला. हे सांगताना लोकांची छाती फुगते, म्हणून मी सांगायचं टाळतो. त्यानं खेळ पुरा करायला नको होता.

डाव्या हाताची दोन हाडं मोडली. एक बोट आजही पुरतं मिटत नाही. पोरगा त्या वेळी लेथवर काम शिकत होता. मी दुसऱ्या दिवशी घरी गेलो. त्याच्या आईनं चहा दिला, बसा म्हटलं, आणि मी पावसाचं, ताडपत्रीचं, जीपचं सगळं सांगून झाल्यावर एवढंच विचारलं, "तुमी ढाल म्हणूनच दिलीवती न्हवं?"

दवाखान्याचा निम्मा खर्च मी दिला. पूर्ण का दिला नाही? पैसे नव्हते असं नाही. पूर्ण दिला असता तर चूक पूर्ण माझी झाली असती. त्या वेळी मला निम्मी हवी होती.

नऊच्या नऊ ढाली परत आणून उसवल्या. चार कुजलेल्या, दोन अर्धवट, तीन ठणठणीत. त्या तीन ठणठणीत ढालींनी मला जास्त त्रास दिला. त्यांच्यावरून मी बरेच दिवस स्वतःला पटवत होतो की ढाल बरोबर होती, वापर चुकला. ओल्या ढाली बांधून ठेवणं हा वापराचा दोष आहेच की! घोड्यावरून उतरल्यावर जीन कुणी ओलं गुंडाळून ठेवत नाही. हे मी आजही म्हणतो. पण कोरडं ठेवा हे मी त्यांना सांगितलं होतं का? पैसे मोजून घेताना म्हटलं असेन. म्हटलं असेन असं वाटतं.

तेव्हापासून फायबर. माझ्या एका जुन्या ढालीवरूनच साचा काढला, काचेचं मॅट आणि राळ, आतून रबर, स्टीलची रिबिटं. पाऊस लागत नाही, कड्या निघत नाहीत. २०२४ मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाल्यापासून तर पथकं वाढलीत, आणि पट्ट्याबरोबर ढाली आल्याच. धंदा कातड्यापेक्षा बरा चालतो. माझ्या जुन्या स्टॉलवर एक पाटी असायची: "आम्ही फायबर करत नाही." ती पाटी लिहिणाऱ्या माणसाशी मी अधूनमधून भांडतो. तो म्हणतो, तुला आतून दोन हात जास्त द्यायचे होते, तेवढ्यासाठी अख्खी विद्या टाकलीस. मी म्हणतो, तुझ्या विद्येनं बोट मोडलं. तो म्हणतो, विद्येनं नाही, आळसानं. इथं माझ्याकडे उत्तर नसतं.

कारण फायबरची ढाल खोटं शिकवते, हे वस्तादांचं म्हणणं मला मान्य आहे. कातड्यावर वार धप्पकन बसतो, पातं क्षणभर रुततं, आणि त्याच क्षणी ढाल फिरवून समोरच्याचा हात उघडा पाडायचा हा अर्धा डाव असतो. फायबरवर पातं टणकन उडतं. पोरं आता त्या उडण्यावर बेतलेले हात करतात. बघायला झकास. दहा वर्षांनी हेच जुने हात म्हणून सांगतील. आणि फायबर मोडतं तेव्हा आधी कळवत नाही. कातडं निदान वास तरी देतं. त्यानं दिला होताच.

"मग महाराजांच्या वेळी ढाली मोडत नव्हत्या का?" असं विचारणाराही एक असतोच. मोडत होत्या. सिंहगडावर तानाजीची ढाल तुटली आणि दुसरी ढाल वेळेवर आली नाही, असं सभासदानं लिहूनच ठेवलंय. १६७० सालचं युद्ध, नंतर पंचवीसेक वर्षांत लिहिलेली बखर. मग डावा हातच ढाल केला. हे वाक्य आपण शौर्याचं म्हणून वाचतो, मीही वाचायचो. आता माझं डोकं त्या तुटलेल्या ढालीतच अडकतं. कुणी केली असेल? कुठून तुटली, कडीतून की मधोमध? करणाऱ्याच्या कानावर गेलं असेल का? याला काही अर्थ नाही, ती लढाई होती आणि ही मिरवणूक, हे मला कळतं. तरी अडकतं.

आणखी एक. खंडेनवमीला माझ्या ढालींवर हळदकुंकू वाहतात, पोरं डोकं टेकतात. त्यांतलाच एखादा मग हळूच विचारतो, "कातडं कुठल्या जनावराचं?" आणि उत्तर ऐकून हात पँटला पुसतो. फायबर घेतल्यापासून हा प्रश्न बंद झाला. मला त्याचं बरं वाटतं, आणि बरं वाटतं याचा राग येतो. फायबर करायला लागलो त्यात याचा वाटा किती, ते मी मोजलेलं नाही.

तो पोरगा आता त्याच तालमीत लहानांना शिकवतो. मध्यंतरी त्याचा फोन आला. फरी-गदक्यासाठी, म्हणजे छोटी ढाल आणि काठीच्या खेळासाठी, सहा लहान फऱ्या पाहिजेत, कातड्याच्या. मी म्हटलं, फायबरच्या देतो, निम्म्या किमतीत देतो. तो म्हणाला, "फायबरच्या काय, बाजारात मिळत्यात की, मामा." मग थोडा थांबून, "आतनं किती हात देणार तेवढं फक्त आधी सांगा."

सांगतो म्हटलं. त्याला तीन आठवडे झाले. चपडा लाख आणून ठेवलीय, कातड्याचं अजून कुणाशी बोललेलो नाही. आणि आता जून लागेल.