कातडी सोलण्या-वाळवण्यासाठी गरम खोली: ऑक्टोबर ते जानेवारीची नोंद

गेल्या सापळ्याच्या हंगामातली शेवटची तीन रॅकून (अमेरिकेतली दाट फरीची जंगली जनावरं) मी उघड्या पडवीत सोलली. बाहेर उणे बारा. हातमोजे घातले तर कातड्याची जाडी बोटांना कळत नाही, काढले तर पाच मिनिटांत बोटं बधिर. तिसऱ्याच्या मानेजवळ सुरी आत गेली आणि चांगल्या दाट फरीला अंगठ्याएवढं भोक पडलं. जनावर सापळ्यात घेतलं की त्याचं कातडं नीट राखणं ही माझी जबाबदारी आहे असं मी मानतो, त्यामुळे ते भोक फार लागलं. त्याच रात्री ठरवलं, पुढच्या हंगामाआधी गॅरेजचा मागचा भाग बंद करून गरम खोली करायची. परवाना, टॅग वगैरे दरवर्षीसारखं वेळेत झालं. इथे लिहितोय ते फक्त खोलीबद्दल.

ऑक्टोबर

खोली 3 मीटर बाय 4, उंची 2.4. लाकडी चौकट, मध्ये ग्लासवूल, आतून प्लास्टिकचा कागद आणि त्यावर प्लायवूड. कागद उबेच्या बाजूलाच हवा. तो बाहेरच्या बाजूला लावला तर खोलीतली वाफ ग्लासवूलमध्ये शिरून थंड भागात पाणी होते, आणि ओलं ग्लासवूल काही कामाचं नाही. भिंतीला खालून मीटरभर उंचीपर्यंत पुसता येईल असा प्लास्टिकचा पत्रा मारला, कारण चरबीचे शिंतोडे तिथवर उडतातच. सिमेंटच्या जमिनीवर जाड रबरी चटई. पायाखालची थंडी आधी कंबरेला जाणवते, हे तासन्‌तास घोडीपुढे (कातडं अंथरून खरवडायचा लाकडी आधार) उभं राहणाऱ्याला सांगायला नको.

दिवे पांढऱ्या उजेडाचे, दोन बाजूंनी. डोक्यावर एकच दिवा असला की आपलीच सावली नेमकी सुरीखाली पडते.

नोव्हेंबर, पहिला आठवडा

उबेचा प्रश्न सोपा वाटला होता. एका मित्राकडचा गॅस हीटर आणला, धुराडं नसलेला. अर्ध्या तासात खोली गरम झाली. दोन तासांनी खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ, खिळ्यांच्या डोक्यांवर थेंब, आणि वाळत घातलेली चार मस्करॅटची (पाणथळीतलं उंदरासारखं जनावर) कातडी दुसऱ्या दिवशी होती तशीच ओली.

मग कागद घेऊन हिशेब केला. प्रोपेन जळताना त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं: 1 किलो गॅसमागे सुमारे 1.6 किलो. माझ्या खोलीत हवा जवळपास 29 घनमीटर. 18 अंशांना इतकी हवा पूर्ण भिजली तरी साडेचारशे ग्रॅमच्या आसपासच पाणी धरते. म्हणजे किलोभर गॅस जाळला की खोलीला पेलेल त्याच्या साडेतीन पट पाणी आपणच ओततोय, आणि त्याच खोलीत कातडं वाळवायचंय! कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो माणसाला गप्पकन झोपवतो. हीटर त्याच संध्याकाळी परत केला.

आता दीड किलोवॅटचा, तेल भरलेला इलेक्ट्रिक रेडिएटर आहे. त्याला स्वतंत्र वायर, एक्स्टेन्शन नाही. गॅरेजच्या पुढच्या भागात गाडी असते, म्हणून मोनॉक्साइडचा अलार्म तरीही लावलाय.

नोव्हेंबर, तिसरा आठवडा

इथे माझी समजूत पार बदलली. मी उष्णतेने कातडं वाळवायला निघालो होतो. एक रॅकून फळीवर ताणून रेडिएटरपासून हातभर अंतरावर ठेवलं, रात्रीत वाळेल म्हणून. सकाळी वरून कडक, पण मागच्या पायांजवळ कातडं पिवळट, तेलकट आणि अर्धपारदर्शक झालेलं. खरवडताना राहिलेली चरबी वितळून कातड्यातच मुरली होती. असं कातडं पुढे कमावताना त्या जागी फाटतं, ते काही परत येत नाही.

गरम हवा माणसासाठी. कातडं वाळतं ते हलत्या वाऱ्याने. आता खोली 16 ते 18 अंशांवर असते, आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांत ठेवायचा प्रयत्न, आणि एक छोटा पंखा भिंतीकडे तोंड करून चालतो. वारा भिंतीला आपटून खोलीभर फिरतो, थेट कातड्यावर येत नाही. थेट वाऱ्यात कान आणि ओठ आधी वाळतात, कडा वळतात, आणि काखेत ओल तशीच राहते. मग तिथले केस सुटायला लागतात.

थंडी वाढली की उलटा त्रास. बाहेरची उणे 15 ची हवा आत येऊन 18 अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास उतरते. त्या आठवड्यात मस्करॅट दीड दिवसात पापडासारखी झाली. आता आर्द्रतामापक पस्तिसाच्या खाली गेला की पाण्याची उथळ परात रेडिएटरवर ठेवतो आणि एक्झॉस्ट पंखा थोडा वेळच चालवतो. तो पंखा मुळात वासासाठी आणि कामानंतर हवा बदलण्यासाठी आहे. दिवसभर चालवला तर तापवलेली सगळी हवा बाहेर.

डिसेंबर: घोडी

खरवडायच्या घोडीवर या खोलीतलं सगळ्यात जास्त लाकूडकाम झालं. आधीची बुटकी होती, वाकून पाठ जायची. नवीचं टोक माझ्या बेंबीच्या जरा वर येतं, म्हणजे कातड्याची कड पोट आणि घोडी यांच्यात दाबून धरता येते आणि दोन्ही हात सुरीला मोकळे राहतात. लाकूड गुळगुळीत हवं म्हणजे किती गुळगुळीत? तळहात फिरवला तर काही लागणार नाही इतकं. घोडीवर तांदळाएवढी गाठ असली तरी तिच्यावरचं कातडं उंचावतं आणि सुरी नेमकी तिथे कापते.

याच कारणासाठी आता प्रत्येक कातडं घोडीवर घालण्याआधी फर विंचरतो. केसांत अडकलेलं एक गोखरू पुरे. खालून ते टेकतं, वरून सुरी जाते, भोक. गेल्या वर्षीची अर्धी भोकं अशीच पडली होती हे मला आत्ता कळतंय.

दोन मुठींच्या सुरीची बोथट बाजू ढकलायला, धारदार बाजू कापायला. रॅकूनच्या मानेवरचा चिवट थर बोथट बाजूने निघत नाही. तिथे धारेने, सुरी जवळजवळ आडवी ठेवून, छोट्या छोट्या फटक्यांत जायचं. एकदा तो थर सुटला की चरबी पुढे गुंडाळत जाते, चादरीची वळकटी व्हावी तशी. आणि इथे तापमान दिसतं: 12 ते 15 अंशांना चरबी घट्ट असते आणि सलग निघते. 20 च्या वर ती लोण्यासारखी फासली जाते, फरीवर उतरते, मग धुणं आलं. म्हणून मोठ्या कामाच्या दिवशी रेडिएटर आधी कमी करतो, आणि सगळी कातडी ताणून झाली की वाढवतो.

मस्करॅटला एवढं बळ लावायचं नाही. बोथट बाजूने चरबी काढायची, पाठीवरचा पातळ लालसर मांसाचा पडदा राहू द्यायचा. तो ओढायला गेलं की कातडंच फाटतं.

फळ्यांबद्दल एकच. लाकडी फळीवर कातडं चढवताना पोटाच्या बाजूने लांब पाचर सरकवा. वाळल्यावर कातडं आवळतं आणि पाचर नसेल तर फळीवरून निघता निघत नाही. पाचर आधी ओढली की सैल होऊन अलगद येतं. कोल्हा आणि कॉयोटी (अमेरिकेतला लांडग्यासारखा रानटी प्राणी) आधी कातड्याची बाजू बाहेर ठेवून, मग बोटाला चिकटेनासं झालं पण अजून लवचिक आहे अशा वेळी उलटून फर बाहेर. ती वेळ हुकू नये म्हणून आता फळीवर खडूने चढवल्याचा तास लिहितो. रॅकून आणि मस्करॅट शेवटपर्यंत कातड्याचीच बाजू बाहेर.

स्वच्छता

हे कमी बोललं जातं म्हणून लिहितो. मस्करॅट आणि बीव्हरमध्ये (पाण्यात राहणारं मोठं कुरतडणारं जनावर) तुलारेमिया हा जिवाणूंचा आजार असू शकतो. कॅलिफोर्नियातल्या तुलारे परगण्यावरून त्याला नाव पडलं. जंतू हातावरच्या बारीक खरचटीतूनही शिरतात. सोलताना रबरी मोजे, नेहमी. नंतर ताप आला किंवा काखेत गाठ आली तर डॉक्टरांना आपण काय काम करतो ते आधी सांगा. रॅकूनच्या विष्ठेत गोलकृमींची अंडी असतात आणि ती फार चिवट. त्यामुळे खोली कोरडी झाडायची नाही, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसायची आणि सोलायच्या टेबलावर उकळतं पाणी. मुलांना खोलीत यायला बंदी आहे, कुत्र्यालाही.

जानेवारी

पहिला बीव्हर प्लायवूडवर आहे. पाटावर आधीच अंडाकृती रेघा आखून ठेवल्या होत्या, त्यामुळे खिळे मारताना डावी-उजवी बाजू सारखी आली. मारून झाल्यावर कातडं खिळ्यांवरच बोटभर वर उचललं, खालून वारा जावा म्हणून. आज पाचवा दिवस. मधला भाग टिचकी मारली की ढोलकीसारखा वाजतो, पुढच्या पायांच्या भोकांपाशी अजून जरा मऊ आहे. उद्या संध्याकाळी पुन्हा टिचकी मारून बघणार आणि मगच खिळे काढणार. फ्रीझरमध्ये दोन रॅकून होती, ती आज रात्री खोलीच्या दाराजवळ, थंड कोपऱ्यात, हळूहळू बर्फ सुटायला काढून ठेवली आहेत.