पुस्तक चार महिने, सुई पाच आठवडे

परवा ओपीडीत ती समोर बसली, बांगड्या मागे सारल्या आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "डॉक्टर, आली परत."

सदाशिव पेठेतल्या एका पोळीभाजी केंद्रात ती रोज 300 पोळ्या लाटते. पहिल्यांदा आली तेव्हा उजव्या मनगटावर, मागच्या बाजूला, सुपारीएवढी गाठ होती. कणीक तिंबताना हातावर भार आला की कळ यायची. "कॅन्सर नाही ना?" हा प्रश्न ठरलेला. खोलीतला दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च गाठीला टेकवला, तशी गाठ कंदिलासारखी उजळली. आत नुसती जेली. गँगलियन, म्हणजे सांध्यालगतची साधी गाठ, कॅन्सर नव्हे. त्याआधी दिराने मुलाच्या बारावीच्या जाड पुस्तकाचा तडाखा देऊन ती फोडली होती. मी त्याला फोनवर चांगलाच झापला. मनगटाचं हाड मोडलं असतं. पण पुस्तकाने गाठ चार महिने गेली होती, हे तिने मला शांतपणे ऐकवलं.

थांबून बघा, यातल्या बऱ्याच गाठी काही वर्षांत आपोआप जिरतात, हेही मी सांगितलं. पण रोजावर काम करणाऱ्या बाईला वर्षांचा हिशेब कसा पटणार? मग 18 नंबरची जाड सुई. बारीक सुईतून ती जेली येतच नाही. कोरफडीच्या गरासारखा पारदर्शक गोळा सिरिंजमध्ये आला. "एवढंच होतं?" ती हसली. सुईनंतर निम्म्याहून जास्त गाठी परत भरतात, हे मी तिला सांगितलं होतं. बाहेर साठ माणसं ताटकळत असताना आम्ही ज्या वेगाने सांगतो त्या वेगाने. तिची पाच आठवड्यांत भरली.

शेवटी ऑपरेशन. याबद्दल मला थोडा गर्व आहे, लपवत नाही. वरचा फुगा कुणीही काढेल. खरं काम त्याच्या देठाचं. तो खाली स्कॅफॉइड आणि लुनेट या दोन हाडांना बांधणाऱ्या लिगामेंटपाशी उगम पावतो, आणि झडप असल्यासारखा सांध्यातलं द्रव आत घेतो, परत सोडत नाही. हाताला टूर्निकेट, म्हणजे रक्तपुरवठा थांबवणारा पट्टा, बांधून, रक्ताचा थेंब नसलेल्या जागेत, देठ आणि त्याच्या बुडाशी असलेला सांध्याच्या आवरणाचा तुकडा काढायचा, पण लिगामेंटला धक्का लावायचा नाही. अर्ध्या तासात बाहेरचा फुगा खुडून मोकळे होणारे मी पाहिलेत. मी दीड तास घेतला. तिचे मात्र तीन आठवडे बिनपगारी गेले. मालकाने तेवढ्यासाठी दुसरी बाई ठेवली, आणि परत घेताना उपकार केल्यासारखं वागला.

अकरा महिन्यांनी, व्रणाच्या शेजारीच, हरभऱ्याएवढी.

"दुखते?"

"नाही. आता कणीक मशीनमध्ये मळतात."

"मग राहू दे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग तेव्हा मशीनच घ्यायला सांगायचं होतं ना, डॉक्टर."

तिला घाई होती, अकराची ऑर्डर होती. ती गेल्यावर मी जुना केसपेपर काढला. ऑपरेशनच्या नोंदीत माझ्याच अक्षरात लिहिलंय: गाठ देठासह पूर्ण काढली. खोटं लिहिलं नव्हतं. पण टाके काढायच्या दिवशी तिने विचारलं होतं, "आता येणार नाही ना?" आणि मी, देठ डोळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे, म्हणालो होतो, "नाही."