उजवी की डावी?

गोव्यातल्या तांबडी सुर्लला महादेवाचं दर्शन घेऊन नदीकाठाने रानात शिरलं की थोड्याच वेळात ऊन बंद होतं. श्रावणातली दुपार. पाऊस नुकताच थांबला होता, पण झाडांचं गळणं चालूच होतं. पुढे कुणाच्या तरी पोटरीला जळू लागली म्हणून सगळा जथा मिठाची पुडी शोधत थांबला, आणि मी टेकायला ज्याला हात लावला ते झाड निघालं नाही. मांडीएवढी जाड, पीळ पडलेली वेल होती. चिखलात लांबलचक शेंगेची रिकामी चौकट पडली होती, तिच्यावरून कळलं की ही गारंबी. हाताहून लांब शेंग, तिच्यात मुठीत मावणाऱ्या चपट्या तपकिरी बिया. ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात जातात आणि महिनोन्‌महिने तरंगून कुठल्या तरी किनाऱ्याला लागतात.

शेंग नसती तर? वर पाहिलं तर नुसतं हिरवं छप्पर, आणि त्यातली हिची पानं कुठली, शेजाऱ्याची कुठली, हे मान मोडेपर्यंत बघूनही कळेना. झाडाचं बरं असतं. खोड इथे, फांदी तिथे, पान त्या फांदीला. वेलीचं बूड एकीकडे, शेंडा दुसऱ्याच्या घरी, आणि वाटेवर पडलेलं फूल तिसऱ्याचंच. आमच्यातल्या एका पोराने मोबाईल वर धरून फोटो काढला, आणि मोबाईलने छातीठोकपणे सांगितलं, आंबा. खोटं नव्हतं ते. गारंबी आंब्यावरच चढली होती.

खाली हाताशी येणाऱ्या वेलींची तऱ्हा आणखी वेगळी. कुठलंही पुस्तक उघडा, वेलीचं पान हृदयाच्या आकाराचं. गुळवेलीचं हृदय, कारांद्याचं हृदय, पहाडवेलीचंही हृदय. लिहिणाऱ्यांनी जरा दुसरा अवयव बघायला काय हरकत होती? त्यामुळे माणूस दुसऱ्या खुणा शोधू लागतो. गुळवेलीच्या जुन्या खोडाची साल पातळ कागदी पापुद्र्यांनी सुटते, आणि वरून सुतळ्या सोडाव्यात तशी तिची मुळं लोंबत असतात. पहाडवेलीच्या पानाचा देठ काठाला जोडलेला नसतो, थोडा आत पानाच्या पाठीवर येऊन टेकतो. कारांद्याला पानाच्या बगलेत खडबडीत बटाटे लटकतात. पण ते पावसाळा सरता सरता. श्रावणात कारांदा नुसता हृदय दाखवत उभा.

म्हणून मी आपली एक खोड लावून घेतली आहे. वेल दिसली की आधी बघायचं, ती कुठल्या बाजूला वळत चढते. उजवी की डावी. पानं पन्नास फुटांवर असली तरी पीळ डोळ्यांसमोर असतो. आता यातून वेल ओळखता येते का? फारशी नाही. जगभरच्या वेली मोजल्या तेव्हा दहातल्या नऊ एकाच बाजूच्या निघाल्या, विषुववृत्ताच्या वर काय नि खाली काय. म्हणजे सूर्याच्या मागे फिरतात वगैरे आपल्या लहानपणीच्या गप्पा गेल्या. पण राहिलेल्या दहाव्या भागात मौज आहे. कारांदा आणि कोनफळ, दोघं सख्खे भाऊबंद, दोघांची कंदं आपण खातो, पण एक वळतो एका बाजूला आणि दुसरा दुसऱ्या. पुस्तकं कारांद्याला डावा म्हणतात आणि कोनफळाला उजवा. डावा म्हणजे वरून बघून की खालून, यावर मात्र वनस्पतीवाल्यांचंच एकमत नाही, तेव्हा ट्रेकमध्ये या विषयावर कुणाशी वाद घालू नये. मी घालतो.

डार्विनलाही हा नाद होता. आजारपणात खोलीत पडून असताना त्याने हॉपच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या, वेलीचा शेंडा पाहत बसायचा उद्योग केला. गोव्यात हॉपची ओळख बाटलीतूनच, पण असते ती वेल. उन्हाळ्याच्या दिवसांत तिचा शेंडा आधार शोधत हवेत एक फेरा घ्यायला सरासरी 2 तास 8 मिनिटं लावतो, हे त्याने नोंदवून ठेवलं, आणि 1865 मध्ये चढणाऱ्या वेलींवर भलामोठा निबंध छापला. माणूस आजारी पडावा तर असा.

माझ्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने त्याला आधी पेज दिली असती. आजोळ गोव्यातल्याच सत्तरी तालुक्यातलं. परसात पावसाळाभर मांडव, त्यावर दोडकी, काकडी, एका कडेला काठ्यांवर चढवलेली वाल. मी वालीचा कोवळा शेंडा हळूच सोडवायचा आणि उलट्या बाजूने काठीला गुंडाळून ठेवायचा. सकाळी बघावं तर शेंडा सुटून हवेत, आणि दुपारपर्यंत परत आपल्या बाजूला वळलेला. आजीने एकदा पकडलं. "बाबू, तिचं तिला कळतं. तू तुझे पाढे बघ."

काकडीच्या तणाव्याचं, म्हणजे आधाराला धरणाऱ्या तिच्या बारीक तंतूचं, गुपितही त्याच मांडवाखाली कळलं. काठीला पकडल्यावर तणावा स्वतःला पीळ घालून घेतो, पण नीट बघितलं तर अर्ध्यापर्यंत एका बाजूने, मध्ये थोडासा सरळ, आणि पुढे उलट्या बाजूने. दोन्ही टोकं बांधलेली असली की एकाच बाजूने पीळ घालता येतच नाही. दोरी घेऊन बघा. मी तेव्हा तणावे खुडून उलगडत बसायचो, आणि मामेबहीण कुंपणावरची वासनवेल आणून पानं पाण्यात चुरायची, गाळून करवंटीत ठेवायची. थोड्या वेळाने करवंटी उपडी केली तरी हिरवं पाणी पडत नसे, घट्ट थरथरत राही. त्याला आम्ही दही म्हणायचो. ते सर्वांना वाढलं जायचं, आणि नाही म्हणणाऱ्याला खेळातून बाद करत. चव गवताची.

मोठ्या माणसांना वेलीची नावं हवी असायची ती कामापुरती. ही बांधायला, ही तापाला, हिच्या जवळ जाऊ नको खाज येईल, आणि ही माटोळीला. चतुर्थीच्या आदल्या दिवशी मामा रानात जायचा आणि संध्याकाळी खांद्यावर ओझं घेऊन यायचा. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट, तिला काय काय बांधायचं! नारळ, सुपारीचं शिपुट, तोरिंजन, आंबाडे, चिबूड, आणि त्यांच्यामधून लोंबणारी लालभडक कवंडळं. कवंडळाची वेल दिवसा बघून काहीच लक्षात येत नाही. फुलं रात्री फुलतात, पांढरी, पाकळ्यांच्या कडा धाग्याधाग्यांनी विस्कटलेल्या. फळ इतकं कडू की माकडसुद्धा विचार करेल. मामा वेल ओढायचा नाही, कोयतीने फळाचा देठ कापायचा. मागचं पुढच्या वर्षाला, एवढंच म्हणायचा.

जुन्या वनखात्यांचा हिशेब वेगळा होता. त्यांना लाकूड हवं, आणि वेल लाकूड वाकडं करते, म्हणून जंगलाच्या आराखड्यांत वेली तोडणं हे रीतसर काम असे. गारंबीला मांडीएवढी व्हायला किती पावसाळे लागले असतील याची त्या कामात नोंद होत नसावी. आता चतुर्थीच्या आधी बाजारात माटोळीच्या सामानाचे ढीग लागतात, स्पर्धांमुळे शेकडो जिन्नस हवे असतात. आणि कवंडळ घ्यायला गेलं तर पुष्कळदा अख्खी वेल हातात येते, मुळासकट. मुळाला माती ओली असते. विकणारीला विचारलं तर म्हणते, रानात काय, भरपूर आहे. तिलाही घर चालवायचं आहे.

गेल्या चतुर्थीची कवंडळं मी विसर्जनानंतर फोडली आणि बिया कुंपणाशी टोचल्या. उगवल्या आहेत, तणावे टाकून जाळीला धरलं आहे. पण कवंडळाची नर वेल वेगळी, मादी वेगळी, आणि फुलं येईपर्यंत कोण कोण ते कळत नाही. सगळे नर निघाले तर रात्री उठून फुलं बघायची, दुसरं काय.