पांढरी पाचच्या जरा वर

गेल्या मे महिन्यात एका दुपारी तबकडी संपली, मी सुई उचलली आणि आवाज कमी करायचा विसरून आडवा झालो. डोळा लागणार, तेवढ्यात लक्षात आलं की खोलीत कोणीतरी गुणगुणतंय. गुंऽऽऽ. एकच सूर, मध्ये श्वाससुद्धा नाही.

पेटी काढून बघितलं. पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, किंचित चढी. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, फोनो प्रीअ‍ॅम्पच्या (सुईचा बारीक आवाज वाढवणारी डबी) जुन्या जड अ‍ॅडॅप्टरमधून निघताना त्यांचे १०० होतात, आणि शंभर म्हणजे खर्जातली पांढरी पाचच, जराशी वर सरकलेली. भाचा अमेरिकेत एडिसनला असतो. तिकडची वीज ६० ची, म्हणजे त्याचे १२०. काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मध्ये, धड कुठल्याच पट्टीत नाही. परदेशात राहण्याचे असेही हाल.

गुणगुणण्याला माझी हरकत नव्हती. पण लावला होता मालकंस, आणि बुवांचा सा काळी एक. काळी एकपासून पांढरी पाच मोजून बघा. तीव्र मध्यम! बुवा शुद्ध मध्यमावर निवांत टेकतात आणि मागून हा मेला तीव्र लावून बसलेला. यमन असता तर चालवून घेतलं असतं, त्यात तीव्रच लागतो.

तसा दोष फोनो प्रीअ‍ॅम्पचा नाही. सुईकडून त्याला मिळतात जेमतेम ५ मिलिव्होल्ट, ते त्याने शंभर पट करायचे. शिवाय तबकडी कापताना खर्ज दाबलेला असतो, नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील. तो वाजवताना परत उचलायचा, पन्नासच्या आसपास मधल्या सुरांच्या जवळजवळ सातपट. म्हणजे वीज जिथे गुणगुणते, नेमका तिथेच हा कान टवकारून बसलेला. मी अर्थिंगची वायर घासून पुसून परत आवळली. प्रीअ‍ॅम्प अ‍ॅम्प्लिफायरपासून लांब, पुस्तकांवर ठेवला. गुंऽऽऽ थोडा कमी झाला. पण एकदा ऐकू आलेलं नंतर ऐकू येत नाही असं होत नाही. कानाला खोडच लागते.

शेवटी ठरवलं, याला विजेवर नकोच, सेलवर चालवायचा, आणि पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेलो. चार्जिंगचे दहा पेन्सिल सेल आणि दहा घरांचा होल्डर मागितला.

"काका, रिमोटला दोन लागतात."

म्हटलं, १२ व्होल्ट पाहिजेत, एकेक सेल १.२ चा.

"मग अ‍ॅडॅप्टर घ्या की. तीनशेला आहे."

त्याला तीव्र मध्यम कुठे समजावून सांगा.

सेल हातात घेतले की मला गावचा कट्टा आठवतो. आमच्या रेडिओला चार मोठे सेल लागायचे. ते उतरले की बाबा ते उन्हात मांडून ठेवायचे, आईच्या पापडांच्या शेजारी, ओळीने. कावळ्यांना हाकलायचं काम माझं. कावळे पापडांसाठी यायचे, पण मला वाटायचं मी सेलच राखतोय. तासाभराने सेल हाताला चटका देण्याइतके तापले की रेडिओत घालायचे. अर्धा तास बरा जायचा, मग बातम्या देणाऱ्याचा घसा बसत चालल्यासारखं व्हायचं. प्रत्येक सेलवर बाबांनी शिसपेन्सिलीने तारीख घातलेली असायची. आणि बाई बातम्या सांगत असतानाच आजीची हाक यायची, "बॅटरीचा मसाला संपलाय रे!" बॅटरी म्हणजे टॉर्च, मसाला म्हणजे सेल. तिला गोठ्यात जायचं असायचं. बाबा रेडिओचं पाठचं झाकण उघडायचे. बातम्या तिथेच राहायच्या. एका शब्दाने कुरकुर केलेली मी ऐकली नाही, पण झाकण लावताना ते जरा जास्त जोरात दाबायचे.

तर दहा सेल घातले, तबकडी लावली. गुंऽऽऽ गेला. खरंच गेला. बुवांच्या मागे तानपुरे किती दूर बसलेत ते कळायला लागलं. कोणाचं तरी खाकरणंही.

एकाची जागा मग दुसऱ्या काळजीने घेतली. माझा प्रीअ‍ॅम्प ६० मिलिअँपिअर खातो, सेल २००० मिलिअँपिअर-तासांचे, म्हणजे हिशेबाने तीस तास आणि वर थोडं. एक बाजू वीस मिनिटांची. मी बाजू मोजायला लागलो. भरलेला सेल १.४ दाखवतो, मग बराच वेळ १.२ वर ठाण मांडतो आणि शेवटी सांगून-सवरून न येता एकदम घसरतो. चार्जिंगला लावून ऐकावं, तर गुंऽऽऽ परत. म्हणून दुसरे दहा आणले. सगळ्यांवर मार्करने तारखा घातल्या. घालून झाल्यावर कळलं, अक्षर कोणाचं आलंय ते.

परवा संध्याकाळी लाईट गेले. स्पीकर एकदम गप्प. सगळा मजला "आपलेच गेले का?" बघायला गॅलरीत. माझी तबकडी मात्र स्वतःच्या वजनाने फिरत राहिली, हळूहळू. वाकून कान लावला तर सुईतूनच बुवा ऐकू येत होते, डासाएवढे. वेग कमी होत गेला तसे काळी एकवरून घसरत पांढरी सात, पांढरी सहा, पांढरी पाचवरूनही गेले, आणि थांबले. अंधारात प्रीअ‍ॅम्पचा हिरवा दिवा तेवढा चालू होता. दहाच्या दहा सेल इमानाने राबत होते, कोणासाठी ते विचारू नका.

आतून हाक आली, "अहो, त्यातले दोन सेल बॅटरीला द्या ना."

दिले. हिरवा दिवा विझला.